साकळू नये म्हणून

‘रक्ताचे पाणी करणे’ हा वाक्प्रचार मी गेली एकवीस वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. वाक्यात उपयोग करा म्हटले, की बहुतेक मुले लिहितात, ‘आईवडिलांनी रक्ताचे पाणी करून मुलाला वाढवले.’ मी त्यावर बरोबरची खूण करतो आणि पुढल्या उत्तराकडे वळतो. या शब्दांना शब्दशः काही अर्थ असेल, असे मला कधी वाटले नव्हते. गेल्या पावसाळ्यात मुंबईच्या एका रुग्णालयात, मुलांच्या अतिदक्षता विभागात, माझ्या सात वर्षांच्या भाच्याच्या खाटेशी मी उभा राहिलो, तेव्हा तो अर्थ मला डोळ्यांनी दिसला. त्याच्या मानेतून निघालेली तांबडी नळी एका यंत्रात शिरत होती, यंत्रातून दुसरी नळी पुन्हा मानेकडे येत होती, आणि यंत्राच्या तळाशी टांगलेल्या पिशवीत पिवळसर पाणी जमत होते. पोराच्या मूत्रपिंडांनी काम टाकले होते आणि ते यंत्र त्यांच्याऐवजी राबत होते.

मराठीच्या मास्तराने मूत्रपिंडावर लेख लिहावा, हे वाचकांना चमत्कारिक वाटेल. संपादकांनी दिवाळी अंकासाठी लेख मागितला, तेव्हा त्यांच्याही मनात म्हणी आणि ओव्या असेच काहीतरी असावे. पण या वर्षी माझ्या लेखणीला दुसरे काही सुचेना. त्या आठवड्यात डॉक्टरांना विचारून जे कळले, आणि मागाहून ग्रंथालयात बसून जे वाचले, ते सांगून टाकावे म्हणजे मन मोकळे होईल, एवढाच हेतू.

माझी धाकटी बहीण ठाण्याला असते. आषाढातल्या मोठ्या पावसात त्यांच्या गल्लीत गुडघाभर पाणी साठले आणि शाळेतून परतताना आमचे चिरंजीव त्या पाण्यातून मनसोक्त डुंबत घरी आले. पायाला कुठेशी खरचटलेले होते. आठ-दहा दिवसांनी ताप चढला. पोटऱ्या ठणकू लागल्या, डोळे लाल झाले. जवळच्या डॉक्टरांनी साध्या तापाचे औषध दिले. त्या दिवसांत घरोघरी तोच ताप होता, त्यांना तरी काय बोल लावायचा? पुढे डोळ्यांचा लाल रंग जाऊन पिवळा आला, आणि एके दिवशी बहिणीच्या लक्षात आले, की पोराने सकाळपासून लघवीच केलेली नाही.

लेप्टो! २६ जुलै २००५च्या महापुरानंतर मुंबईकरांना हे नाव पाठ झाले. उंदरांच्या मूत्रातून हे जंतू साचल्या पाण्यात येतात आणि कातडीला जरा कोठे वाट मिळाली, की आत शिरतात. बहुतेकांचा आजार औषधाने बरा होतो. थोड्या जणांत मात्र तो यकृत, मूत्रपिंडे आणि रक्त या तिन्ही ठिकाणी एकदम घाला घालतो. आमचा भाचा त्या थोड्यांत निघाला.

मी पुण्याहून सकाळची डेक्कन क्वीन पकडून गेलो. घाटात सगळीकडे धबधबे पांढरे झाले होते, डब्यातली मंडळी खिडकीशी जाऊन फोटो काढीत होती, आणि माझ्या मनात एकच हिशेब चालला होता : एकोणीस किलोचे पोर, दीड दिवस लघवी नाही.

डायलिसिस हा शब्द आता घराघरांत ठाऊक आहे. शेजारचे कोणी काका आठवड्यातून तीनदा चार-चार तास जाऊन ते करून येतात. पण ज्याचा रक्तदाब औषधांच्या टेकूवर उभा आहे, अशा लहान मुलाच्या अंगातून चार तासांत एवढे पाणी ओढले, तर तो टेकूच निसटावयाचा. म्हणून त्याच्यासाठी दुसरी रीत आहे. तेच काम चोवीस तास, सावकाश, न थांबता करावयाचे. आपली मूत्रपिंडे करतात तसे. पोटात पाणी भरून काढण्याचीही एक जुनी आणि चांगली पद्धत आहे, आणि तान्ह्या बाळांना ती अनेकदा फार उपयोगी पडते. पण याच्या फुप्फुसांना आधीच सूज होती. पोट फुगवून त्यांना खालून रेटणे डॉक्टरांना पसंत नव्हते.

या सावकाश रीतीचा जन्म १९७७ साली जर्मनीत, ग्योटिंगेन येथे झाला. पेटर क्रॅमर नावाच्या डॉक्टरांकडे एका रुग्णाची नळी शिरेऐवजी चुकून धमनीत गेली. धमनीतले रक्त हृदयाच्याच जोराने उसळत येते, तेव्हा पंप कशाला हवा, गाळणीतून तेच रक्त जाऊ द्यावे, असे त्यांना सुचले. अशा चुका सर्वांच्या हातून होतात. त्यांतून एवढे शहाणपण थोड्यांनाच निघते. पुढे १९८४ साली इटलीतल्या व्हिचेन्झा शहरी क्लाउदिओ रोंको यांनी हीच रीत एका नवजात अर्भकावर वापरली. आज पंप आहेत, पडदे आहेत, आकडे दाखविणाऱ्या काचा आहेत. पण एक शत्रू क्रॅमर यांच्या वेळेपासून तोच राहिला आहे, आणि तो म्हणजे रक्ताचा स्वभाव.

रक्ताचा स्वभाव साकळण्याचा. ‘साकळणे’ हा शब्द हल्लीच्या मुलांना समजावून सांगावा लागतो. ते ‘क्लॉट होणे’ म्हणतात. भाजी चिरताना बोट कापले आणि दोन मिनिटांत रक्त थांबले, तर तो या स्वभावाचा उपकार. रक्तवाहिनीच्या गुळगुळीत अस्तराला सोडून ते दुसऱ्या कशालाही शिवले, की आपण घराबाहेर पडलो हे त्याला कळते आणि ते गोळा होऊ लागते. यंत्रातल्या नळ्या त्याच्या दृष्टीने परक्या. गाळणीतले हजारो केसासारखे बारीक तंतू परके. रक्त जेथे हवेला लागते, तो नळीतला छोटा कप्पा तर सर्वांत वाईट. प्रवाह मंद असला की आणखी सोपे, आणि मुलांच्या बाबतीत तो मंदच असतो. मोठ्या माणसाच्या शिरेत जाड नळी बसते, मुलाच्या शिरेत बारीक बसवावी लागते. ती जरा दुमडली, पोराने मान वळवली, खोकला आला, की प्रवाह अडतो. क्षणभर अडलेल्या रक्ताला गुठळी धरायला तेवढा वेळ पुरतो.

पहिल्या रात्री यंत्र सुरू झाले, तेव्हा रक्त पातळ ठेवणारे काहीच दिलेले नव्हते. भाच्याच्या प्लेटलेट उतरल्या होत्या, हिरड्यांतून रक्त येत होते. त्याचे रक्त मुळातच नीट साकळत नाही, तर यंत्रातही साकळणार नाही, असा अंदाज होता, आणि तो काही चुकीचा म्हणता येणार नाही. पुष्कळ ठिकाणी अशा रुग्णांत तसेच करतात. अधूनमधून मिठाचे पाणी सोडून नळ्या धुवावयाच्या, एवढेच.

आम्ही बाहेरच्या बाकावर होतो. मेहुणे बसल्या बसल्या पेंगत होते, बहीण जपमाळ धरून होती, पण मणी पुढे सरकत नव्हते. पहाटे तीनच्या सुमारास दार उघडले. केरळकडची एक तरुण सिस्टर बाहेर आली. मराठी तिला बेताचेच येत होते. तिने आमच्याकडे पाहिले आणि म्हणाली, “गेला.”

मी सबंध आयुष्य क्रियापदे शिकविण्यात घालवले आहे. ‘जाणे’ या क्रियापदाचे किती अर्थ होतात, हे मी फळ्यावर लिहून दिलेले आहे. त्या क्षणी मला एकच अर्थ आठवला. बहिणीच्या हातून माळ खाली पडली. सिस्टर आमचे चेहरे बघून घाबरली आणि घाईघाईने म्हणाली, “फिल्टर, फिल्टर गेला! बेबी ठीक आहे!”

त्या बिचारीचा यात काय दोष? तिच्या कामात ‘फिल्टर गेला’ हे रोजचे वाक्य. पण माझे हातपाय त्यानंतर तासभर थरथरत होते.

गाळणी अकरा तास चालली होती. ती साकळली म्हणजे काय झाले, हे सकाळी डॉक्टरबाईंनी आम्हांला समजावून सांगितले. मुलांच्या मूत्रपिंडांच्या त्या तज्ज्ञ. वयाने माझ्याहून लहान, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळे. मुलाच्या अंगात दर किलोमागे सुमारे ७५ ते ८० मिलिलीटर रक्त असते. एकोणीस किलोच्या पोरात म्हणजे सुमारे दीड लिटर. यंत्राच्या नळ्या आणि गाळणी मिळून नव्वद मिलिलीटरच्या आसपास रक्त सामावून घेतात. गाळणी चालू असेतो ते रक्त त्याचेच असते, फक्त फिरायला बाहेर गेलेले. गाळणी साकळली, की ते परत देता येत नाही; गुठळ्यांसकट फेकून द्यावे लागते. मोठ्या माणसाला तेवढ्याचे काही वाटत नाही. पण एकोणीस किलोच्या पोराच्या दोन गाळण्या गेल्या, तर त्याच्या रक्ताचा आठवा हिस्सा कचऱ्याच्या पिशवीत गेला असे समजावे. वर नवी गाळणी चढवीपर्यंत गेलेले तास. तेवढा वेळ रक्तातले विष पुन्हा चढू लागते. पैशांचा हिशेब मी येथे मांडत नाही; एकेका संचाची किंमत हजारांच्या घरात असते, एवढे सांगितले म्हणजे मध्यमवर्गीय वाचकाला पुढले कळेल.

तान्ह्या मुलांची तर गोष्टच वेगळी. तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळे मिळून पाव लिटर रक्त. मोठ्यांच्या यंत्राच्या नळ्याच त्यातला तिसरा हिस्सा गिळतील. म्हणून अशा वेळी नळ्या आधी दात्याच्या रक्ताने भरून घेतात. रोंको यांच्या मंडळींनी पुढे खास बाळांसाठी ‘कार्पेडियम’ नावाचे यंत्र केले. २०१३ साली व्हिचेन्झाला ते पहिल्यांदा एका नवजात बालकासाठी चालले. त्याच्या सर्वांत लहान संचात तीस मिलिलीटरहूनही कमी रक्त मावते. एखाद्या औषधाच्या लहान बाटलीएवढे!

दुसरी गाळणी नऊच तास टिकली. पोराला बाहेरचे रक्त द्यावे लागले. मग दुपारी डॉक्टरबाई आम्हांला एका छोट्या खोलीत घेऊन गेल्या.

“सर,” त्या म्हणाल्या, “तीन वाटा आहेत आणि तिन्हींत काटे आहेत. काही न देता चालवायचं, तर गाळणी टिकत नाही, हे आपण पाहिलं. हेपॅरिन द्यायचं, तर गाळणी टिकेल. पण याच्या हिरड्यांतून आधीच रक्त येतंय, उद्या फुप्फुसांत सुरू झालं, तर माझ्या हातात काही राहणार नाही. तिसरं सायट्रेट. त्यानं गाळणी टिकते आणि मुलाच्या अंगात रक्तस्राव वाढत नाही. पण ते जिरवायला यकृत लागतं, आणि हा तर हळदीसारखा पिवळा.”

मेहुण्यांनी माझ्याकडे पाहिले. घरात एम. ए. झालेला मी एकटाच. ती पदवी संतवाङ्मयात आहे, हे त्या घटकेला कोणाच्या ध्यानात राहणार? “दादा, तुम्ही काय म्हणता?” त्यांनी विचारले. मी काय म्हणणार! अशा वेळी सगळेच विचारतात, तेच मी विचारले : “डॉक्टर, तुमचा स्वतःचा मुलगा असता तर?”

बाई थोड्याशा हसल्या. “माझा असता, तर मला ठरवताच आलं नसतं. तुमचा आहे, म्हणून मी ठरवू शकते. मी सायट्रेट देणार आहे. लेप्टोतली कावीळ दिसते तेवढं यकृत बहुतेक वेळा खचलेलं नसतं. पण मला दर दोन तासांनी रक्त तपासावं लागेल, आणि आकडे बिघडले तर थांबवावं लागेल. सही करा.”

मेहुण्यांनी सही केली. मी कागदावरची तारीख वाचत राहिलो.

या दोन औषधांची कथा मी पुढे ग्रंथालयात वाचली, आणि ती कोणा कादंबरीकाराने रचली असती तर आपण तिला अतिरंजित म्हटले असते. कृत्रिम मूत्रपिंडाच्या कल्पनेच्या मुळाशी जळू आहे. होय, आपली ओढ्यातली जळू! सुश्रुतसंहितेत जळवांवर स्वतंत्र अध्याय आहे. दूषित रक्त काढण्यासाठी त्या कशा पाळाव्या, कशा लावाव्या, हे त्यात सांगितले आहे. जळू चिकटली की रक्त वाहत राहते, साकळत नाही, हे त्या वैद्यांनी पाहिलेच असणार. १८८४ साली जॉन हेक्राफ्ट यांनी दाखविले, की जळूच्या तोंडातच साकळणे थोपविणारे द्रव्य आहे. त्याला पुढे हिरुडिन म्हणू लागले. १९१३ साली अमेरिकेत बाल्टिमोरला एबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांचे रक्त नळ्यांतून फिरवून धुतले, ते जळवांच्या डोक्यांपासून काढलेल्या या द्रव्याच्या जोरावर. १९२४ साली जर्मनीत गीसेन येथे गेओर्ग हास यांनी माणसावरचे पहिले डायलिसिस केले, तेही त्याच्याच आधाराने. पण ते द्रव्य अशुद्ध, रोग्यांना बाधे.

त्यावर उपाय मिळाला तो उलट्या दिशेने. १९१६ साली बाल्टिमोरच्याच जॉन्स हॉपकिन्समध्ये जे मॅक्लीन नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी विल्यम हॉवेल यांच्या हाताखाली काम करीत होता. रक्त साकळविणारे द्रव्य शोधण्याचे काम त्याला दिलेले होते. कुत्र्याच्या यकृतातून काढलेला अर्क त्याने पाहिला, तर तो साकळू देईना! त्याने मांजराच्या रक्तात तो मिसळून भांडे गुरुजींच्या टेबलावर ठेवले आणि हे साकळले की मला हाक मारा, असे सांगून ठेवले. ते साकळलेच नाही. ही आठवण त्यानेच पुढे म्हातारपणी लिहिली आहे. यकृताला ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्यावरून त्याचे नाव हेपॅरिन पडले. १९४३ साली नाझींच्या टाचेखालच्या हॉलंडात, काम्पेन गावी, विलेम कोल्फ यांनी सॉसेज भरावयाच्या सेलोफेनच्या नळ्या लाकडी पिंपावर गुंडाळून कृत्रिम मूत्रपिंड उभे केले, तेव्हा त्यांच्या हाताशी हेपॅरिन होते. १९४५ साली त्या यंत्रावर ६७ वर्षांची एक बाई वाचली.

आज हे औषध बहुतेक डुकराच्या आतड्यांपासून काढतात. मेहुण्यांनी फोनवर हे वाचून मोठ्याने सांगितले, तेव्हा माझी आई, जी अंडे उकडलेल्या भांड्यालाही शिवत नाही, म्हणाली, “पोर वाचत असेल तर डुकराचं द्या, नाहीतर आणखी कशाचं द्या. सोवळं मी घरी गेल्यावर बघीन.”

हेपॅरिनची अडचण ही, की ते घर ओळखत नाही. रक्तात मुळातच साकळणे आवरणारे एक द्रव्य असते. त्याला हे बळ देते, आणि रक्ताबरोबर सर्व अंगभर फिरते. गाळणीसाठी दिलेले औषध मेंदूपर्यंत जाते. मात्रा कमी ठेवता येते, तपासता येते, प्रोटामाइन नावाचा उताराही आहे. ज्या मुलाला रक्तस्रावाची भीती नाही त्याला ते आजही देतात आणि बरे चालते. पण आमच्या पोराचे तसे नव्हते.

सायट्रेटची तऱ्हा निराळी, आणि तिच्यातली युक्ती कळली तेव्हा मी अक्षरशः खुर्चीतून उठलो. रक्त साकळायला कॅल्शियम लागते; १८९० साली आर्थुस आणि पाजेस यांनी हे दाखवून दिले. आपल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींत चुना असतो, तो नसेल तर विटा नुसत्या एकावर एक राहतील, भिंत होणार नाही. कॅल्शियम म्हणजे चुन्यातलेच द्रव्य, आणि रक्ताच्या गुठळीत त्याचे काम जवळजवळ तेच. सायट्रेट हे लिंबातल्या आंबट द्रव्याचे क्षार. ते मोकळ्या कॅल्शियमला मिठी मारून बसते. चुनाच मिळेना, मग भिंत कशाची?

तेव्हा करावयाचे ते असे. मानेतून रक्त बाहेर पडले रे पडले, की त्यात सायट्रेटची धार सोडावयाची. गाळणीतून जाताना त्या रक्तातले मोकळे कॅल्शियम एवढे उतरते, की ते साकळूच शकत नाही. लिटरमागे १.१ ते १.३ मिलिमोल हे अंगातले ठीक प्रमाण. गाळणीपुढे ते ०.४च्या खाली आणून ठेवतात. पुष्कळसे सायट्रेट गाळणीतून त्या पिवळ्या पाण्याबरोबर निघून जाते. उरलेले रक्ताबरोबर अंगात परत येते, आणि गाळणीत गेलेल्या कॅल्शियमची भरपाई दुसऱ्या शिरेतून थेंबथेंब करावयाची. अंगात कॅल्शियम पुरेसे, म्हणून तेथे रक्त नेहमीसारखे साकळते. यंत्रात ते नाही, म्हणून तेथे वाहते. एकाच मुलाचे रक्त, उंबऱ्याच्या आत एका स्वभावाचे, बाहेर दुसऱ्या!

यात नवे काय, असे मात्र म्हणावे लागेल. आमच्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचा अधिकारी म्हणून दरवर्षी रक्तदान शिबिर भरविण्याचे काम माझ्याकडे असते. दात्याच्या उशाशी पिशवी हलत असते आणि तिच्या तळाशी आधीच थोडे पाण्यासारखे काहीतरी घातलेले असते, ते मी किती वर्षे पाहतो आहे. ते सायट्रेटच! १९१४ साली ब्रुसेल्सला अल्बेर ह्युस्तँ आणि ब्वेनोस आयरेसला लुइस आगोते यांनी ते रक्तात मिसळून माणसाला दिले, १९१५ साली न्यूयॉर्कला रिचर्ड लुइसन यांनी त्याचे बिनधोक प्रमाण ठरविले, आणि त्यानंतरच रक्त साठविता येऊ लागले. पण चोवीस तासांच्या डायलिसिसला ते जोडण्याचा मार्ग १९९०मध्ये दाखविणाऱ्यांत अमेरिकेतल्या सॅन डिएगोचे रवींद्र मेहता हे भारतीय वंशाचे डॉक्टर आघाडीवर होते. मुलांसाठी ते बसविण्याचे पुष्कळ काम अमेरिकेतच टिमथी बंचमन यांनी केले. २००५ साली तिकडच्या अनेक रुग्णालयांनी मिळून १३८ मुलांच्या ४४२ गाळण्यांचा हिशेब मांडला. काही न देता गाळणी सरासरी २७ तास चालली. हेपॅरिनवर ४२, सायट्रेटवर जवळजवळ ४५. म्हणजे टिकाऊपणात दोघे सारखेच. फरक पडला तो रक्तस्रावात : जिवावर बेतणारा औषधजन्य रक्तस्राव हेपॅरिनच्या मुलांत झाला, सायट्रेटच्या मुलांत झाला नाही.

पण सायट्रेट फुकट नाही. अंगात परतलेले सायट्रेट मुख्यतः यकृत जाळते आणि त्यातून सोड्यासारखे द्रव्य होते. ते जास्त झाले, तर रक्ताची आम्लता बिघडते. आणि यकृताला जाळणे झेपले नाही, तर सायट्रेट साचत जाते, कॅल्शियमला धरून बसते. तेव्हा गंमत अशी होते, की अंगातले एकूण कॅल्शियम चढते आणि कामाचे मोकळे कॅल्शियम उतरते. त्या दोहोंचे गुणोत्तर अडीचच्या वर गेले, की धोक्याची घंटा. कारण हृदयाच्या ठोक्यालाही तेच कॅल्शियम लागते.

अडीच! पुढले तीन दिवस आमच्या घरात या आकड्याशिवाय दुसरे बोलणे नव्हते. मेहुण्यांनी एक वही केली. ते बँकेत आहेत, त्यांना जमाखर्चाची सवय. डाव्या रकान्यात वेळ, उजव्यात गुणोत्तर. तिसरी गाळणी संध्याकाळी सहाला सुरू झाली. आठ वाजता १.९. दहाला २.०. मध्यरात्री २.१. गाळणी मात्र वाहत होती. पहाटे तीनला मी दाराकडे पाहत बसलो. ते उघडले नाही. आयुष्यात बंद दाराचा एवढा आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता. सकाळी आठला २.३. बहिणीने ते वाचले आणि वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली. डॉक्टरबाईंनी रक्ताचा वेग जरा कमी केला, त्याबरोबर सायट्रेट उतरले, आणि धुणारे पाणी वाढवले, म्हणजे साचलेले लवकर निघावे. दहाला २.३. बाराला २.२. दुपारी चारला २.०.

आई घरून डबा घेऊन आली, तेव्हा मी तिला लिंबाचे सांगितले. तिला ते मुळीच पटले नाही. “लिंबानं दूध फाटतं,” ती म्हणाली, “आणि रक्त फाटत नाही?” सत्तर वर्षे स्वयंपाकघरात काढलेल्या बाईची शंका, तिला हसण्यात अर्थ नव्हता. दूध फाटते ते आंबटपणाने, आणि येथे आंबटपणा काढून घेतलेला क्षार आहे, असे मी तिला सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे लिंबू सुधारलंय म्हणायचं.”

तिसरी गाळणी बासष्ट तास चालली, आणि साकळली म्हणून बदलावी लागली असे नाही. तिची मुदत भरत आली म्हणून सिस्टरने ठरवून बदलली. त्या वेळी नळ्यांतले रक्त तिने आधी पोराला परत दिले. मधल्या काळात हिरड्यांचे रक्त थांबले होते, रक्तदाबाचे औषध निम्म्यावर आले होते. पाचव्या दिवशी सकाळी नळीतून आलेल्या लघवीची नोंद फळ्यावर लिहिलेली दिसली : १५ मिलिलीटर. तीन चमचे. मेहुण्यांनी वहीत एक नवा रकाना पाडला. दुपारी ४०. रात्री ११०. ज्या घरात सात वर्षे ‘आधी लघवी करून ये’ म्हणून या पोराच्या मागे लागायचे, त्या घरातली चार मोठी माणसे तो आकडा एकमेकांना पुनःपुन्हा वाचून दाखवीत होती.

सहाव्या दिवशी यंत्र बंद करावयाचे ठरले. अंगावर झगा, तोंडावर फडके बांधून मला पाच मिनिटे आत सोडले. भाचा जागा होता. अजून पिवळा, डोळे मोठे झालेले. तीच केरळची सिस्टर कामावर होती. तिने सायट्रेट बंद केले, मिठाच्या पाण्याची पिशवी जोडली आणि पंप अगदी हळू सुरू ठेवला.

“मामा,” पोराचा आवाज बसलेला होता, “ते काय करते?”

“तुझं रक्त तुला परत देते.”

“सगळं?”

मी सिस्टरकडे पाहिले. तिला प्रश्न कळला असावा. तिने नळीकडे बोट केले. गडद तांबडा रंग यंत्राच्या बाजूने फिका होत मानेकडे सरकत होता. मग तो गुलाबी झाला, मग मळकट, आणि नळी आरपार दिसू लागली. “सगळा,” ती म्हणाली, आणि तिने चिमटा लावला.